आक्काची दुपार

उसाच्या ट्रॉल्या पुन्हा सुरू झाल्या. आमचं घर साखर कारखान्याकडं जाणाऱ्या बावड्याच्या रस्त्याला, त्यामुळे हंगाम लागल्याचं आम्हाला कुणी सांगायला लागत नाही. भरलेली ट्रॉली दारावरून गेली की खिडकीची काच थरथरते, मागोमाग ट्रॅक्टरवरचं दणदणीत गाणं येतं, आणि ते लांब जाईपर्यंत घरातली माणसं अर्धवट तोंड उघडून थांबून राहतात. वारा फिरला की मळीचा वास घरभर होतो. पाहुण्यांना तो सोसत नाही. मला मात्र दिसायचं बंद झाल्यापासून वर्ष कुठवर आलं ते या वासावरूनच कळतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी संगणक शिकले. छापखान्यातली माणसं भेटली की अजून कौतुक करतात. "वैनी, जिद्द मानली पायजे तुमची," असं म्हणून कुणी चहा पुढं करतं. मी चहा घेते आणि हसते. त्या हंगामात मला काय मिळालं ते सगळ्यांना दिसलं. आमच्याच घरातल्या दुसऱ्या एका बाईचं काय गेलं, ते कुणाला दिसलं नाही. मला तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता, पण मला ऐकूही आलं नाही, आणि तेच मला टोचत राहतं.

मी मुद्रितशोधक. छापायच्या मजकुरातल्या चुका काढणं हे माझं काम. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक, कुणा निवृत्त मास्तरांच्या आठवणी, असं काय काय हाताखालून जायचं. मग काचबिंदू झाला. आधी ओळींची टोकं गेली. ओळीच्या शेवटच्या शब्दातली चूक माझ्याकडून निसटायला लागली, तेव्हा मला वाटलं लक्ष लागत नाही. पुढं समास गेले, मग पानाच्या कडा. शेवटी मधोमध नाण्याएवढा उजेड उरला होता, तोही एका पावसाळ्यात विझला. मी घरी बसले. वरच्या मजल्यावर आम्ही नवराबायको राहतो, खाली सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, थोरले दीर आणि माझी थोरली जाऊ. तिला मी आक्का म्हणते.

आक्का राधानगरीच्या पलीकडच्या वाडीतली. नववीत असतानाच तिचं लग्न ठरलं आणि दप्तर माळ्यावर गेलं. परड्यात दोन म्हशी, सासूबाईंचं पथ्य, चार-पाच जणांचा स्वयंपाक, यातून तिला मान वर करायला सवड नसे. मी दिवसचे दिवस भिंतीकडं तोंड करून पडायला लागले, तेव्हा एक दिवस दुपारी ती पेपर घेऊन वर आली. हाताला शेणाचा वास होता. म्हणाली, "काय वाचू सांग. मला मोठं शब्द यायचं न्हाईत हां, हसायचं न्हाई."

आमच्याकडं बायकासुद्धा "मी आलो, मी गेलो" असंच बोलतात. आक्का तर हटकून. "मी वाचतो, तू ऐक," म्हणाली आणि निधनवार्तांपासून सुरुवात केली, कारण त्यातली नावं ओळखीची असतात आणि जोडाक्षरं कमी. तिचं बोट कागदावर घासल्याचा आवाज मला ऐकू यायचा. 'राष्ट्रीयीकृत'पाशी बोट थांबलं की मी शब्द सांगायची, ती तो तोडून तोडून म्हणायची, मग ठसक्यात पुन्हा एकदा सबंध म्हणायची. काही महिन्यांनी बोट घासायचं थांबलं. वर्षभरात ती गल्लीच्या टोकाच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायला लागली आणि माणसागणिक आवाज बदलून वाचायला लागली. सावकाराला ती आमच्या थोरल्या दिरांचा आवाज द्यायची. आम्ही दोघी तोंडावर पदर दाबून हसायचो.

खालून सासूबाईंची हाक आली की ती वरूनच ओरडायची, "सुमनला वाचून दाखवायलोय!" हाक थांबायची. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

संगणकाच्या वर्गाला मला तिनंच नेलं, हे आठवलं की आता जास्त लागतं. छापखान्याच्या मालकांनी निरोप पाठवला होता की पडद्यावरचं वाचून दाखवणारा संगणक असतो म्हणे, शिकलात तर काम देतो. यजमानांना त्यांच्या दुकानातून सवड नव्हती. आक्कानं सासूबाईंना सांगून टाकलं, "मी नेतो तिला," आणि आम्ही बसनं राजारामपुरीत गेलो. एका शाळेच्या मागच्या खोलीत कांबळे सर शिकवायचे. सर स्वतः जन्मापासून अंध. मलकापूरहून एस्टीनं यायचे आणि उशीर झालेल्या विद्यार्थ्याला उभं करायचे, मग तो कितीही वयाचा असो.

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, कुठला घ्यायचा हे आधी ठरवायचं होतं. सरांनी दोन ऐकवले. एक विकतचा, भारी, त्याचं कौतुक बरंच ऐकलं होतं. दुसरा फुकट मिळणारा, घरच्या साध्या लॅपटॉपवरही चालणारा. फुकटचाच घ्यायचा हे लगेच ठरलं, कारण सर म्हणाले की नवशिक्याला त्यात काही कमी पडत नाही. घोडं अडलं ते आवाजापाशी. एक आवाज बाईचा होता, गोड, अगदी रेडिओवरच्या निवेदिकेसारखा. पण कळ दाबल्यावर ती जरा विचार करून बोलायची आणि वेलांट्या, अनुस्वार गिळायची. दुसरा आवाज पत्र्यावर खडा घासावा तसा. त्याला ना बाई म्हणवत होतं ना पुरुष. मात्र कळ दाबायचा अवकाश, बोललाच. आणि बाणाच्या कळीनं एकेक अक्षर पुढं गेलं की तो प्रत्येक वेलांटी वेगळी सांगायचा. 'दिन' आणि 'दीन' कानाला सारखेच. हा मात्र ह्रस्व की दीर्घ ते फोडून सांगायचा.

"ही बाई घे की गं," आक्का म्हणाली. "चांगली बोलायलीया. हा दुसरा पत्र्याचा डबा कुणी ऐकायचा दिवसभर?"

सर म्हणाले, "बाई, गोड आवाजाला भुलू नका. तुम्हाला गाणी ऐकायची न्हाईत, काम करायचंय."

मी बोटानं बाणाची कळ दाबत होते. पुन्हा पुन्हा. कितीतरी दिवसांनी मला एक वेलांटी भेटली होती. "हाच पाहिजे," मी म्हणाले. माझ्या आवाजात इतका आनंद होता की मलाच तो परका वाटला. परतताना बसमध्ये आक्का गप्प होती. मला वाटलं, दमली असेल.

नवशिक्याचे ते दिवस आठवतात. कीबोर्डावरच्या दोन कळांना बारीक उंचवटा असतो. तिथं तर्जन्या टेकवायच्या आणि बाकीची बोटं आपापल्या घरी बसवायची. माझी बोटं सारखी शेजाऱ्याच्या घरात शिरायची. एकदा कुठली कळ दाबली गेली कोण जाणे, स्क्रीन रीडरच बंद झाला. खोली एकदम मुकी. मशीन मेलं की चालू आहे, पडदा उजळ आहे की काळा, काही कळेना. मी जिन्यात जाऊन आक्काला हाक मारली. ती लाटणं हातात घेऊनच वर आली.

"काय दिसतंय?"

"चौकोन आलाय. विंग्रजी हाय सगळं. थांब, एकेक अक्षर सांगतो. वाय... ई... एस."

"तिथं एंटर मार."

"ते कुठलं गं?"

तिनं माझं बोट धरून अंदाजानं फिरवलं, आणि पत्र्याचा आवाज परत आला. आम्ही दोघी मोठ्यानं हसलो. असं कितीदा झालं. पडद्यावर काय आलंय ते ती अक्षर अक्षर सांगायची आणि मी पुढची पायरी शिकायची. आपल्याला जिच्यावाचून चालायला हवं तिच्याच डोळ्यांनी मी शिकत होते. त्या वेळी हे माझ्या मनातही आलं नाही. येईल कशाला? पोहायला शिकणारा पाण्याकडं बघतो, काठावरच्या माणसाकडं नाही.

मग वेग वाढला. सुरुवातीला आवाज रांगत ठेवतात, म्हणजे शब्द कळतात. कान सरावला की एकेक खूण पुढं. महिना-दोन महिन्यांत मी तो इतका पळवायला लागले की एकदा आक्का दारातून म्हणाली, "हे काय बोलायलंय का भांडायलंय?"

"मशीन पेपर वाचतंय गं. राज्याच्या बातम्या."

"मला एक अक्षर कळंना."

मी तिला हसून सांगितलं की सवय लागते. आणि तिला त्रास नको म्हणून दुसऱ्या दिवसापासून कानात इअरफोन घालायला लागले. त्रास नको म्हणून! माणूस दार लावून घेतो आणि त्याला सौजन्य समजतो.

त्याच सुमारास आमची एक कादंबरी अर्ध्यावर होती. डोंगरातल्या दवाखान्यात बदली झालेल्या एका नर्सची गोष्ट. आक्काला ती फार आवडली होती, कारण त्यातला पाऊस तिच्या माहेरचा होता. निम्मी झाली असेल, तेवढ्यात आक्काची आई अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आक्का राधानगरीकडं निघाली. पिशवी भरता भरता म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नगंस. सरांस्नी सांगून मशीनवर मागवून घे की. तुझं अडायला नगो."

सरांनी खरंच ती मिळवून दिली. मी वाचली. वाचली म्हणते, कारण ऐकली असं मला वाटलंच नाही. कितीतरी वर्षांनी माझ्या आणि पुस्तकाच्या मध्ये कुणी नव्हतं. मला हवं तिथं थांबायचं, मागं जायचं, एखादं वाक्य चारदा ऐकायचं, कुणाला दम लागेल, कुणाचं दूध उतू जाईल याची चिंता नाही. नर्स मेली ते वाक्य पत्र्याच्या आवाजानं पान क्रमांक सांगावा तसं सांगितलं आणि तरी मी रडले. खिडकीबाहेर ट्रॉल्या चालल्या होत्या. मी इतकी सुखी कधी नव्हते, असं मला वाटलं. आक्काची आई तिकडं कण्हत होती आणि मी इकडं सुखी होते.

दोन दिवसांनी तिचा फोन आला. आईची तब्येत सांगून झाली आणि मग तिनं विचारलं, "कुठवर आलीस?"

"संपली."

तिच्या मागं म्हैस हंबरली. "बरं झालं. काय झालं गं शेवटाला त्या पोरीचं?"

मी सांगायला तोंड उघडलं.

"नगो," ती घाईनं म्हणाली. "न्हाई, सांगू नगंस. मी आलो की बगू."

ती आली तेव्हा आईला उठून बसता येत होतं. आल्या आल्या तिनं वाचनालयाचं पुस्तक पिशवीत घातलं. "परत करून येतो," म्हणाली.

"अगं, तुझं राहिलंय की."

"तुझं झालं न्हवं? मग कशाला ठेवायचं?"

मी तिला थांबवायला हवं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मला एवढंच वाटलं की तिचं मन आईपाशी आहे.

छापखान्याचं काम सुरू झालं. जुन्या फॉन्टातला मजकूर मशीनला कळायचा नाही, कंस आणि आकडे बडबडत बसायचं. मग मालकांनी नव्या पद्धतीनं टाइप करून पाठवायला सुरुवात केली. पहिलंच काम एका पतसंस्थेच्या अहवालाचं होतं. मी जेवण उरकून बसायची ती उन्हं कलेपर्यंत. अशाच एका दुपारी मी अहवाल संपवला, इअरफोन काढले, आळस दिला आणि हात सहज शेजारच्या खुर्चीवर पडला. खुर्चीत पेपर होता, नीट घडी घातलेला. पेपर उचलला तर खालची गादी ऊबदार होती.

कुणीतरी इथं बसून गेलं होतं. चांगला वेळ बसलं होतं. आणि मला पत्ता नव्हता. डोळे गेलेल्या माणसाचे कान भरलेले असले की त्याला जगच उरत नाही. मी त्या गादीवर तळहात ठेवून बसले. ऊब हळूहळू उतरत गेली, आणि मी तिथून उठू शकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात जाऊन हाक मारली. "आक्का, आज मशीन बंद पडलंय. वाच की जरा."

ती हात पुसत आली. खुर्ची ओढली. पहिल्या पानावरचा मथळा वाचला, तोच टेबलावरून खडखडीत आवाज आला, "नवीन संदेश."

आक्का थांबली. पेपरची घडी पडल्याचा आवाज झाला.

"बंद हाय म्हणालीस न्हवं?"

मी चाचपत आवाजाची कळ शोधायला लागले.

"मला भीक घालायलीस व्हय गं?"

"तसं न्हाई आक्का. तू मला एवढं वाचून दाखवलंस, आता मीच..."

"तुला वाचून दाखवलं," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट उतरला. "तुला असंच वाटतंय काय? तुझं डोळं गेलं म्हणून मी वाचाय लागलो, हे खरं. पर मी कुणासाठी वाचत होतो ते मलाच फुडं कळंना झालतं. ह्या घरात मला कोण पुस्तक घिऊन बसू देणार हाय? पाच मिनिटं टेकलं तर आत्याबाई इचारत्यात, काम न्हाई काय. तुझं नाव घेतलं की सगळी गप बसायची. आंधळ्या जावंला वाचून दाखवतीया, पुण्य करतीया. आता कुणाचं नाव घेऊ?"

ती उठून खाली गेली. जिन्याच्या पायऱ्या तिच्या पायाखाली नेहमीसारख्याच वाजल्या.

मी शोधायला गेले तर माझी चूक सापडत नाही. मी शिकू नये असं आक्काला कधीच वाटलं नसतं. पण माझी गरज हीच तिची रजा होती, आणि गरज संपल्याचा आनंद मी सगळ्या घरादारात साजरा केला होता. पेढेही वाटले होते. तिनंही खाल्ला होता एक.

त्या आठवड्यात जेवणं चालली असताना सासूबाई म्हणाल्या, "धाकटीचं यंत्र आलंय, तवा थोरलीला आता दुपार मोकळी. ऊन चांगलं पडायलंय, शेणी थापून टाक. आणि गल्लीतल्या बायका गहू निवडायला बोलवायल्यात, त्यातबी जाऊन बसत जा."

आक्का "व्हय" म्हणाली. वाटीत आमटी ओतल्याचा आवाज आला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "आक्का मला दुपारची लागती."

"आन् यंत्र?"

"यंत्राला सगळं वाचाय येत न्हाई."

यजमान जेवता जेवता थांबले. त्यांनी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं यश सांगितलं होतं. "अगं, परवा तर तूच म्हणालीस की आता मला कुणी लागत नाही."

"चुकलं माझं," मी म्हणाले. "मला एकटीला जमत न्हाई."

ज्या वाक्यातून सुटायला मी सगळा हंगाम झटले, तेच वाक्य मी भरल्या ताटावर पुन्हा बोलून दाखवलं. यजमानांचा अभिमान खाली बसल्याचं मला कळलं. थोरले दीर म्हणाले, "असू दे. सगळ्यास्नीच जमतंय असं न्हाई." गल्लीतही ते पोचलं असणार. छापखान्यात माझी जिद्द आणि गल्लीत माझी कीव, अशी आता माझी दोन नावं आहेत.

दुसऱ्या दुपारी आक्का दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

"खोटं का बोललीस?"

"बोलले. बस आता."

"मला तुझं उपकार नगोत."

"मग माझ्यासाठी वाचू नकोस," मी म्हणाले. "तुला पाहिजे ते वाच. मोठ्यानं नको. मला काम आहे."

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी इअरफोन घातले, पण एकाच कानात. दुसरा कान तिच्यासाठी उघडा ठेवला. तिला मनात वाचायची सवयच नव्हती. ती कुजबुजत वाचायची, ओठांतून वाऱ्यासारखे शब्द यायचे, मधेच एखाद्या पात्राचा आवाज निसटायचा आणि ती खोकून तो मागं घ्यायची. हळूहळू कुजबुज विरत गेली. आता नुसती पानं वाजतात. मला वाचनाचा जो आवाज माहीत होता तो माझ्याच खोलीत, माझ्या शेजारी बसून बंद झाला. पुन्हा एकदा ऐकव, असं म्हणायचा हक्क मला राहिलेला नाही, आणि म्हणावंसं मात्र रोज वाटतं.

अपराधी वाटणं यानं थांबलेलं नाही. एका धडधाकट बाईला पुस्तक हातात धरण्यासाठी माझ्या आंधळेपणाचं निमित्त लागतं, आणि मी ते निमित्त मोडून टाकण्याऐवजी डागडुजी करून पुन्हा उभं केलं. सासूबाईंशी सरळ भांडले असते तर? आक्का म्हणते, "भांडून काय झालं असतं? दुपारबी गेली असती." तिचं खरं असेल. तरी मला वाटत राहतं की मी सोपं तेवढंच केलं.

काल दुपारी मी एका लग्नपत्रिकेवर होते. रस्त्यानं ट्रॉली गेली, काच थरथरली, गाणं लांब गेलं. मग आक्का एकदम खदखदून हसली. कितीतरी दिवसांत तिला असं हसताना ऐकलं नव्हतं.

"काय गं?" मी विचारलं. "काय आहे?"

"थांब की," ती म्हणाली. "संपू दे मला आधी."

मी कळांवरून बोटं उचलली आणि थांबले. तेवढ्यात खालून सासूबाईंची हाक आली. "थोरले! काय चाललंय गं वर?"

मीच जिन्याकडं तोंड करून ओरडले, "आक्का वाचायलीया!"

'मला वाचून दाखवायलीया' हे शब्द तोंडात आले होते. मी ते बोलले नाही. खालून पुन्हा हाक आली नाही, आणि आक्कानं पान उलटलं.